टिचकीभोवतीचं कुंपण

४ फेब्रुवारी

मुंगे,

बारा वर्षांनी पत्र आलं म्हणजे कुणी गेलं असणार, असं वाटून उभ्याउभ्याच पाकीट फोडलं असशील तर आधी बस. कुणी गेलेलं नाही. काम आहे.

तू इथून गेलीस तेव्हा बियांच्या खोलीतल्या मधल्या कपाटातून एक गोल डबा घेऊन गेलीस. निळ्या झाकणाचा. त्यात टिचकीचं बी आहे. तीन उन्हाळे शेंगांना मलमलीच्या पिशव्या बांधून आपण दोघींनी ते गोळा केलं होतं. डबा वनस्पती-उद्यानाच्या मालकीचा आहे. मी तेव्हा कुठे तक्रार केली नाही, हे ध्यानात असू दे. आता तो पाठवून दे, आणि जरा लवकर पाठव.

कारण असं, की वीस एप्रिलला तपासणी समिती येते आहे. टेकडीवरच्या आपल्या राखीव तुकड्यात, म्हणजे कुंपणाच्या आत, टिचकीची निदान दहा नवी रोपं दिसली पाहिजेत. नाही दिसली तर तुकडा यादीतून काढणार. उतारावर पाण्याची टाकी बांधायचा नकाशा तयारच आहे. मी तो टेबलावर उलटा ठेवलेला पाहिला, आणि उलटा नकाशा वाचायला मला कुणी शिकवायला नको.

नवे साहेब परवा मला विचारतात, "ही टिचकी म्हणजे नक्की काय हो?" मी सांगितलं, वाटाण्याच्या कुळातलं झुडूप, कमरेइतकं वाढणारं. फूल पिवळं, आत तांबडी रेघ. शेंग उन्हात तडकते तेव्हा टिचकी मारल्यासारखा आवाज होतो आणि बी दहा हात लांब उडतं. या एका टेकडीशिवाय कुठेही नाही. साहेब म्हणाले, "अच्छा, म्हणजे वाटाणाच." मी हो म्हटलं. निवृत्तीला अजून दोन वर्षं आहेत.

बाकी सगळं ठीक आहे. झाडंही ठीक आहेत. दहा रोपं करणं मला काही अवघड नाही, फक्त यंदा शेंगा जरा कमी धरल्या म्हणून बी हवंय. माळीकाका अजून आहेत आणि अजून पाण्याची नळी गुंडाळून ठेवत नाहीत.

डबा नीट बांधून पाठव.

ताई


१९ फेब्रुवारी

मुंगे,

मी दोन पानं लिहिली. तू कार्डावर चार शब्द लिहिलेस. "कुंपण आहे का अजून?" बस. ना मायना, ना सही. टपालवाल्यानेही वाचलं असणार, कारण देताना तो माझ्याकडे बघून हसला.

हो, आहे कुंपण. का नसावं? त्यासाठी मी तीन वर्षं ऑफिसात चपला झिजवल्या आहेत. तू तेव्हा नवी होतीस, तुला आयतं मिळालं. तुला आठवत नसेल, कुंपणाआधी शेळ्या रोज सकाळी टेकडीवर जायच्या आणि टिचकीचे शेंडे कुरतडून यायच्या. एकेक झुडूप खराट्यासारखं दिसायचं. मी चारी बाजूंनी जाळी लावली, कुलूप घातलं आणि नियम केला की आत एक काडीसुद्धा हलवायची नाही. गवतही उपटायचं नाही. पुढच्याच वर्षी झाडं अशी काही फुलली की लोक फोटो काढायला आले. तूही फोटोत आहेस.

आणि मग तुझं सुरू झालं. म्हणे, शेळ्या हव्यातच. म्हणे, बी इतकं टणक असतं की ते खुरांखाली रगडल्याशिवाय किंवा शेळीच्या पोटातून आल्याशिवाय उघडत नाही, आणि गवत खाऊन जमीन मोकळी झाल्याशिवाय रोप तग धरत नाही. चार पानी अर्ज लिहिलास. सोबत आकडे, तक्ते, काय काय. ऑफिसने नाही म्हटलं. त्यात माझा काय दोष? तू मात्र मी काही तरी केल्यासारखी बॅग भरलीस आणि गेलीस. आई आजारी होती तेव्हा मागच्या दाराने येऊन गेलीस, मी कामावर असतानाची वेळ बघून. ते मला शेजारणीकडून कळलं.

आता विचारतेच आहेस तर सांगते, लपवायचं काय आहे. एकतीस झुडपं होती. सध्या सात आहेत. पैकी तीन सुप्त अवस्थेत.

डबा पाठव. कार्डं पाठवत बसू नकोस.

ताई


११ मार्च

मुंगे,

डबा मिळाला. आत एक ओळही नाही. जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलास तेवढंच वाचून घेतलं, दोन्ही बाजूंनी. तुमच्याकडे पूल बांधायचा चाललाय म्हणे.

झाकणाच्या आत अजून तुझ्या अक्षरातली चिठ्ठी आहे. तारीख, झुडपाचा नंबर, बियांची संख्या. इतकं बारीक लिहायची काय गरज होती तुला, कोण जाणे. भिंग घ्यावं लागलं.

बी वाया गेलेलं नाही. एकेक दाणा पॉलिशकागदावर घासला, रात्रभर कोमट पाण्यात ठेवला, सहाव्या दिवशी कोंब. चाळीसपैकी छत्तीस. मी माळीकाकांना म्हटलं, बघा, याला म्हणतात काम. मग त्यातली वीस रोपं घाईनेच कुंपणाच्या आत लावली.

आज एकही नाही. गवत माझ्या छातीला लागतं, मुंगे. वरचं हिरवं, खालचं वर्षानुवर्षांचं वाळलेलं, गादीसारखं. हात घातला तर कोपरापर्यंत जातो आणि माती लागत नाही. रोपं लावायला मी ते बाजूला सारलं, चार दिवसांत ते परत पडलं. खाली अंधार आणि गोगलगायी. सकाळी जाऊन बघते तर नुसत्या काड्या.

माळीकाका शेजारी उभे होते. म्हणाले, "बाई, थोडं गवत कापू का?" मी म्हटलं, नियम आहे. ते म्हणाले, "नियम कुणाचा?" मी त्यांना नळी गुंडाळायला पाठवलं.

त्या सुप्त तीन झाडांचंही सांगून टाकते. ती मेलेली आहेत. चार वर्षांपूर्वीच मेली. दरवर्षी अहवालात मी "सुप्त" लिहिते आणि शेवटी "स्थिती समाधानकारक". एकदा लिहिलं की पुढच्या वर्षी बदलता येत नाही, लोक विचारतात. पत्र्याचा बिल्ला अजून लटकतोय खोडाला, त्यामुळे लांबून बरं दिसतं.

सोळा रोपं कुंड्यांत उरली आहेत. ती जोमात आहेत. माझ्या मनात असं आहे की समितीच्या आदल्या दिवशी गवतात खड्डे करायचे आणि कुंड्यांसकट पुरायच्या. वर थोडी माती. समिती वीस मिनिटं थांबते, त्यात पाच मिनिटं बूट झटकण्यात जातात. कुणालाही कळणार नाही. तुला सांगितलं कारण कुणाला तरी सांगायचं होतं, आणि तू तशीही उत्तर देत नाहीस.

ताई


२९ मार्च

मुंगे,

आज भयंकर संताप आलाय. अक्षर लागलं नाही तर सोडून दे.

कुंड्या पुरायला जागा बघावी म्हणून सकाळी वर गेले. जाळीच्या बाहेरून, गेटाच्या उलट्या बाजूने. तिकडे मी सात-आठ वर्षांत गेले नव्हते, कामच नसतं. तिथून शेळ्यांची वाट जाते. शेळ्यावाली दगडावर बसली होती. तीच ती, तुझ्याशी तासन्‌तास बोलायची. आता तिचे केस पांढरे झालेत, जीभ तशीच आहे.

मला म्हणाली, "बाई, तुम्ही आत काय शोधता रोज? हरवलंय का काही?"

मी म्हटलं, टिचकीची पिल्लं शोधतेय, तुला काय करायचंय.

ती म्हणाली, "मग आत कशाला शोधता? पायाखाली बघा की."

मी खाली बघितलं. माझ्या उजव्या बुटाला लागून एक होतं. चार पानांचं. पुढे अजून एक. वाटेच्या दोन्ही कडांना, खुरांनी उकरलेल्या मातीत, लेंड्यांच्या मधोमध. काही गुडघ्याइतकी झालेली, शेंडे कुरतडलेले आणि खालून चार-चार फांद्या फुटलेल्या. दोन तर फुलावर होती. मी तिथे मातीतच बसले आणि मोजली. त्रेचाळीस. मग उलटीकडून परत मोजली. त्रेचाळीसच.

शेंगांतलं बी जाळीतून बाहेर उडत होतं, मुंगे. इतकी वर्षं. जे बाहेर पडलं ते जगलं आणि जे मी सांभाळलं ते मेलं.

शेळ्यावाली म्हणाली, "धाकट्या बाईंनी सांगितलेलं मला. म्हणाल्या होत्या, तू येत राहा, वाट सोडू नकोस. म्हणून येते." म्हणजे ती तुझं ऐकून बारा वर्षं रोज येतेय. माझ्या जाळीला टेकून बसते. आणि मला कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी तिला तिथून हाकललं असतं, ते खरंच आहे.

तशीच ऑफिसात गेले, मातीच्या कपड्यांत. हेडक्लार्कला म्हटलं, त्रेचाळीस रोपं आहेत, लिहून घ्या. त्याने फॉर्म काढला, बोट ठेवलं. "कुंपणाच्या आतील रोपे." म्हणाला, बाहेरच्यांना रकाना नाही. मी म्हटलं, मग कुंपण काढा. तो म्हणाला, काढता येतं, पण उगीच कसं काढणार? तुम्हीच लावलंत, तुम्हीच दरवर्षी समाधानकारक लिहिलंत, आता तपासणीच्या तोंडावर म्हणताय काढा. कोण ऐकेल? मग चष्मा वर करून म्हणाला, "कुणी पूर्वी हरकत घेतली असती, तारखेनिशी, आकड्यांनिशी, तर गोष्ट वेगळी होती. तसा काही अर्ज आहे का जुना?"

मी म्हटलं, बघते.

ताई


३० मार्च

मुंगे,

कालचं पत्र टाकलं आणि घरी आले. हे दुसरं.

अर्ज आहे. माझ्याकडे आहे. माझ्या टेबलाच्या सगळ्यात खालच्या खणात, जुन्या हजेरीपटांच्या खाली.

तो ऑफिसात गेलाच नाही. तू मला दिलास, म्हणालीस, ताई, तुझ्या सहीने पुढे पाठव, म्हणजे वजन येईल. मी घेतला. वाचला. दोनदा वाचला. आणि खणात ठेवला. तीन आठवड्यांनी तुला सांगितलं की वरून नकार आलाय. वर काही गेलंच नव्हतं. तू विचारलंस, कारण काय दिलं? मी म्हटलं, कारण देत नाहीत ते. तू तेव्हा माझ्याकडे बघत राहिलीस. मी फाइल चाळत होते, फाइलमध्ये काहीही नव्हतं.

का केलं ते बारा वर्षांत मी स्वतःलाही नीट सांगितलेलं नाही. अर्ज चुकीचा वाटला असता तर मी हसत पुढे पाठवला असता. तो बरोबर आहे असं मला दुसऱ्या पानावरच वाटलं, आणि तिसऱ्या पानावर इतका राग आला की बोलता सोय नाही. मी लोकांचे पाय धरून ते कुंपण आणलं होतं. लोक मला कुंपणवाल्या बाई म्हणायचे आणि मला ते आवडायचं. आणि तू, जिला मी फुलाच्या पाकळ्या मोजायला शिकवलं, तू मला सांगणार की जाळीने झाडं मरतील. मी ठरवलं, एक वर्ष थांबू. झाडं फुलत होतीच. मग दुसरं वर्ष. मग तू गेलीस, आणि त्यानंतर अर्ज बाहेर काढायचा म्हणजे तू का गेलीस ते सगळ्यांना सांगायचं.

तुझं या कामावर किती प्रेम होतं ते मला माहीत होतं. तू आता कुठल्याशा कंपनीत खोक्यांवर लेबलं तपासतेस, हेही मला माहीत आहे. आईने सांगितलं होतं. ते माझ्यामुळे आहे.

हे लिहून मला हलकं वगैरे वाटलेलं नाही. अर्ज समोर आहे. तो दिला तर टिचकी कदाचित वाचेल आणि मी उघडी पडेन. नाही दिला तर कुंड्या आहेतच.

ताई


१२ एप्रिल

मुंगे,

कार्ड मिळालं. "तू तिथे आहेस तोवर मी त्या टेकडीवर पाय ठेवणार नाही." या वेळी मायनाही होता. ताईस, असा. इतकी वर्षं तो बघितला नव्हता, त्यामुळे आधी तोच वाचत बसले.

मी तुला ये म्हटलं नव्हतं. पण तुला ते कळलं, ते बरोबरच कळलं.

कुंड्या माळीकाकांना देऊन टाकल्या. म्हटलं, शेळ्यांच्या वाटेच्या कडेला लावा. त्यांनी त्याच दिवशी लावल्या. नळीसुद्धा गुंडाळली.

ताई


२२ एप्रिल

मुंगे,

परवा समिती येऊन गेली. तिघे होते. एक सारखे फोटो काढत होते, एक सारखे घड्याळ बघत होते, आणि एक बाई होत्या, वयाने तुझ्याएवढ्या, त्या मात्र थेट गवतात हात घालून बघत होत्या. कोपरापर्यंत. मला तेव्हाच कळलं की कुंड्या पुरल्या असत्या तर मी पकडले गेले असते. पण खोटं नको सांगायला, निर्णय मी आधीच घेतला होता.

साहेबांनी माझा अहवाल वाचायला घेतला, "स्थिती समाधानकारक". मी म्हटलं, थांबा, ते खरं नाही. चार झाडं जिवंत आहेत, तीन मेलेली आहेत आणि सुप्त हा शब्द मी घातलेला आहे. साहेबांचा चेहरा बघण्यासारखा होता. मग मी सगळ्यांना वळसा घालून शेळ्यांच्या वाटेवर नेलं. घड्याळवाले म्हणाले, हे हद्दीबाहेर आहे. त्या बाई म्हणाल्या, "हो, पण झाडं इथे आहेत." आणि खाली बसल्या.

मग मी तुझा अर्ज दिला. सोबत माझं निवेदन, एक पान. अर्ज कुणी लिहिला, कधी लिहिला, कुणी दाबला. साहेब म्हणाले, आत्ता कशाला हे, नंतर बोलू. मी म्हटलं, आत्ताच आवक शिक्का मारून घ्या, नाहीतर मी परत खणात ठेवीन, माझा भरवसा नाही. कुणी हसलं नाही. हेडक्लार्क टेकडीवर शिक्का घेऊन आला, धापा टाकत. जाळीच्या खांबावर कागद ठेवून मारला. जरा वाकडा उमटलाय.

त्या बाईंनी तिथेच उभ्याने चारही पानं वाचली. म्हणाल्या, यातला पाचवा तक्ता बारा वर्षांपूर्वी मिळाला असता तर. पुढचं बोलल्या नाहीत, माझ्याकडे बघून थांबल्या. मी म्हटलं, बोला, माझी काही हरकत नाही.

निकाल असा. टाकीचं काम दोन वर्षं थांबवलंय. जाळी खालच्या बाजूने काढायची, शेळ्या आत सोडायच्या, दर महिन्याला मोजणी करायची. दोन वर्षांनी आत-बाहेर मिळून शंभर झाडं झाली तर टेकडी कायमची राखीव. नाही झाली तर टाकी. माझ्याकडून काम काढून घेतलंय आणि चौकशी लागलीय, ती लागायलाच हवी होती. मोजणीसाठी समितीने अर्जदाराचं नाव सुचवलंय. तुझं. पत्र तुला येईलच. महिन्याच्या आत होकार कळवायचा आहे, नाहीतर ते बाहेरचा माणूस नेमतील, आणि बाहेरचा माणूस पहिल्या महिन्यात गवताला औषध मारेल, हे मी तुला लिहून देते.

म्हणून कामाचं सांगते. जिवंत झाडांचे नंबर चार, नऊ, सतरा, सव्वीस. सव्वीसला वाळवी लागतेय, मुळाशी बघ. पश्चिमेचा खांब हलतो, त्याला धरून चढू नकोस. शेळ्यावाली नऊला येते. तिने मला विचारलं, आता कोण बघणार? मी म्हटलं, तुझ्या धाकट्या बाई, आल्या तर. तिने मान हलवली आणि शेळ्यांना हाकललं, माझ्याशी जास्त बोलत नाही ती.

मी क्वार्टर सोडलंय. गावाच्या दुसऱ्या टोकाला शिंप्याच्या दुकानावर एक खोली घेतलीय. खाली दिवसभर मशीन चालतं, खिडकीतून भिंत दिसते. तिथून टेकडी दिसत नाही आणि टेकडीवरून मी दिसणार नाही. बाजार तुला उद्यानाच्या बाजूला पडतो, मला स्टँडच्या बाजूला. आपली गाठ पडायचं कारण नाही. तू पाय ठेवायला मोकळी आहेस.

तुझ्या अर्जाची पोच सोबत जोडली आहे. तारीख परवाची आहे. तिला इलाज नाही.

मला लिहायचं नसेल तर लिहू नकोस. मी वाट बघेन, पण ते माझं मी बघेन. फक्त महिन्याची मोजणी झाली की आकडा माळीकाकांना मोठ्याने सांग. ते रविवारी इकडे बाजाराला येतात.

ताई